‘ग्रँड टूरर’ भाड्याने घेताना...

आयोजित सहलीच्या बसमधून युरोप पाहून झालेले अनेक पर्यटक दुसऱ्या खेपेस स्वतः मोटार चालवत फिरण्याचा बेत आखतात. त्यांतील काहींना मग साधी हॅचबॅक नको असते. आल्प्सचे घाट, इटलीतील सरोवरे आणि जर्मनीचा ऑटोबान आयुष्यात एकदाच पाहायचा, तर तो बेंटली, अ‍ॅस्टन मार्टिन किंवा मासेरातीसारख्या मोटारीतूनच पाहावा, अशी हौस त्यांच्या मनात असते. म्युनिक, झ्युरिक, मिलान, नीस या शहरांत अशा मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपन्या आहेत आणि हौस पुरवण्यासाठी मोटार विकत घेण्याची गरज नाही, हेही खरे. मात्र या व्यवहारात ग्राहक काही दिवसांपुरती मोटार घेतो आणि तिच्याबरोबर कित्येक लाखांची जबाबदारीही अंगावर घेतो. जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेला दिवसाचा दर हा त्या व्यवहारातील सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा असतो. बाकीचे आकडे कराराच्या आतल्या पानांवर असतात आणि तेच वाचायचे राहून जातात.

नावामागचा इतिहास

‘ग्रँड टूर’ हा शब्द मोटारीहून कितीतरी जुना आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्लंडमधील सधन घराण्यांतील तरुण शिक्षणाचा शेवटचा भाग म्हणून पॅरिसमार्गे आल्प्स ओलांडून इटलीत जात. फ्लोरेन्स, रोम, नेपल्स पाहून, चित्रे-पुतळे विकत घेऊन, कधी वर्षा-दोन वर्षांनी ते परतत. या प्रवासाला ‘ग्रँड टूर’ म्हटले जाई. विसाव्या शतकात इटलीतील मोटार कारखान्यांनी तेच नाव ‘ग्रान तुरिस्मो’ या रूपात उचलले आणि ‘जीटी’ ही दोन अक्षरे मोटारींच्या पाठीवर झळकू लागली.

१९५१ मध्ये आलेली लान्चियाची ‘ऑरेलिया बी२० जीटी’ ही या जातकुळीची आद्य मोटार मानण्याकडे जाणकारांचा कल असतो. दोन लिटरचे इंजिन असलेल्या या मोटारीने त्याच वर्षीच्या ‘मिल्ले मिलिया’ या खडतर शर्यतीत दुसरा क्रमांक पटकावला आणि तरीही ती रोजच्या वापराची, सामान घेऊन गावोगाव जाणारी मोटार राहिली. ग्रँड टूररची व्याख्या यातच आली. स्पोर्ट्स कार वेगासाठी असते आणि तासाभराच्या रपेटीत चालकाला दमवते. ग्रँड टूरर तितक्याच वेगाने धावते, पण सहाशे-सातशे किलोमीटर कापून उतरल्यावर चालकाची पाठ दुखू नये, हा तिच्या रचनेमागचा हेतू असतो. पुढे दोघांची ऐसपैस सोय, मागे नावापुरत्या दोन जागा, मोठे इंजिन, मोठी टाकी आणि बऱ्यापैकी डिकी, असा तिचा साधारण आराखडा.

१९५२ ची बेंटली आर-टाइप कॉंटिनेंटल, १९६३ ची अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ या त्या परंपरेतील गाजलेल्या मोटारी. २००३ मध्ये आलेल्या बेंटली कॉंटिनेंटल जीटीने ही जात पुन्हा चर्चेत आणली. तिचे बारा सिलिंडरचे ‘डब्ल्यू१२’ इंजिन २०२४ मध्ये बंद झाले आणि नव्या पिढीत आठ सिलिंडरच्या इंजिनाला विजेच्या मोटरची जोड मिळाली. मासेरातीने तर ‘ग्रानतुरिस्मो’ या नावाखाली संपूर्ण विजेवर चालणारी आवृत्तीही काढली आहे. बुकिंग करताना मोटारीचे फक्त नाव न पाहता ती कोणत्या पिढीची आहे, हे विचारून घेणे त्यामुळेच उपयोगाचे ठरते. हायब्रिड कॉंटिनेंटलमध्ये बॅटरीला जागा द्यावी लागल्याने डिकी पूर्वीपेक्षा लहान झाली आहे. दोन मोठ्या बॅगा, दोन मुले आणि चिवड्या-लाडवांचे डबे घेऊन निघालेल्या कुटुंबाला अशी मोटार पुरत नाही, आणि हे विमानतळावर उतरल्यावर कळून काही उपयोग नसतो.

भारतात काय?

हीच हौस मायदेशी भागवता येत नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ७५ खाली केंद्र सरकारने १९८९ मध्ये ‘रेंट-अ-कॅब’ योजना आणली. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या अधिकृत मोटारीची ओळख म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे. गोव्यात गेलेल्यांना ही पाटी परिचयाची आहे. पण या योजनेनुसार परवान्यासाठी किमान ५० मोटारींचा ताफा असावा लागतो आणि कोट्यवधींच्या पन्नास मोटारी बाळगणे कोणालाही परवडणारे नाही. त्यामुळे ‘आलिशान मोटार भाड्याने’ अशा जाहिरातींपैकी काहींच्या मागे पांढऱ्या पाटीची खासगी मोटार असते. खासगी नोंदणीची मोटार भाड्याने देणे नियमबाह्य आहेच. शिवाय खासगी वापराचा विमा असलेली मोटार भाड्यावर असताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. नंबरप्लेटचा रंग पाहणे ही म्हणूनच पहिली पायरी.

याखेरीज रस्त्यांचाही प्रश्न आहे. जमिनीला टेकेल अशी वाटणारी मोटार पुण्या-मुंबईच्या गतिरोधकांवरून नेताना चालकाचे अर्धे लक्ष तिच्या पोटाकडे राहते. द्रुतगती मार्ग ओलांडला की तिला मोकळे धावायला जागा सापडत नाही. ज्या घाटांसाठी आणि महामार्गांसाठी ही मोटार घडली, ते युरोपात आहेत.

परवान्याची बाजू

भारतीय नागरिकाला परदेशात मोटार चालवण्यासाठी आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून, म्हणजे आरटीओतून, ‘आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना’ मिळतो. भारत हा १९४९ च्या जिनिव्हा करारातील सहभागी देश असल्याने हा परवाना त्या करारानुसार दिला जातो आणि तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. त्याचे नूतनीकरण होत नाही. मुदत संपल्यावर नवा काढावा लागतो. पूर्वी या पुस्तिकेचा आकार आणि रंग राज्याराज्यांत वेगळा असे आणि परदेशी पोलिसांचा त्यावरून गोंधळ होई. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने देशभर एकच नमुना ठरवून दिला आणि त्यावर क्यूआर कोड आला.

ही पुस्तिका म्हणजे मूळ परवान्याचे अधिकृत भाषांतर होय. एकटी तिला किंमत नाही, मूळ परवाना सोबत लागतोच. मोबाईलमधील डिजिटल परवाना भारतातील वाहतूक पोलिसाला चालतो. म्युनिकच्या काउंटरवर तो चालेल अशी अपेक्षा ठेवू नये. ‘घरबसल्या आंतरराष्ट्रीय लायसन्स’ देऊ करणाऱ्या खासगी संकेतस्थळांच्या कागदाला तर कायद्याचा काहीच आधार नसतो. जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया येथे भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा भाषांतर लागते. ब्रिटनमध्ये पर्यटकाला मूळ भारतीय परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत मोटार चालवता येते, तरी तेथेही भाड्याने देणारी कंपनी आंतरराष्ट्रीय परवाना मागू शकते.

सरकारी अट पूर्ण झाली म्हणजे कंपनीची अट पूर्ण झाली, असे नव्हे. साधी मोटार एकविसाव्या वर्षी मिळते. या वर्गातील मोटारीसाठी वयाची अट पंचवीस, अठ्ठावीस, कधी तीस वर्षांपर्यंत जाते आणि परवाना काही वर्षे जुना असावा लागतो. पती-पत्नी दोघेही चालवणार असतील तर दोघांची नावे करारात हवीत. ज्याचे नाव करारात नाही, त्याने दहा मिनिटे मोटार चालवली आणि नेमकी तेव्हाच ती ठोकली गेली, तर सर्व संरक्षण संपते.

अनामत आणि क्रेडिट कार्ड

काउंटरवर मोटारीची किल्ली मिळण्याआधी क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडकवली जाते. या वर्गातील मोटारीसाठी ती काही हजार युरो, महागड्या मोटारींना दहा हजारांच्या घरातही असते. ही रक्कम खात्यातून जात नाही, पण कार्डाच्या मर्यादेतून तेवढी वजा होते. मर्यादा पाच लाखांची असेल आणि अनामत पाच हजार युरोंची, तर पुढच्या आठवड्याचे हॉटेल आणि पेट्रोल कशावर भरायचे, याचा विचार आधीच करावा लागतो. मोटार परत केल्यावरही अडकलेली रक्कम मोकळी व्हायला काही दिवस लागतात.

कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे हवे. वडिलांचे कार्ड आणि मुलाचा परवाना, ही घरगुती व्यवस्था तेथे चालत नाही. डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी नाकारले जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार २०२० पासून नवे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी आपोआप सुरू नसते. ती सोय बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करून मर्यादा वाढवून घ्यावी लागते आणि हे काम मुंबईतच उरकावे. काउंटरवरील यंत्र ‘रुपयांत की युरोंत’ असे विचारते, तेव्हा रुपयांचा मोह टाळावा. यंत्राने दाखवलेला विनिमय दर सहसा ग्राहकाच्या तोट्याचा असतो. युरो निवडले तरी बँक आपला अधिभार लावतेच, पण तो माहीत असतो.

किलोमीटरचा हिशेब

लांब पल्ल्यासाठी जन्मलेली ही मोटार भाड्याने मात्र किलोमीटर मोजून मिळते. साध्या मोटारींना अमर्याद किलोमीटरची सवलत असते, ग्रँड टूररला ती क्वचितच. दिवसाला दीडशे, दोनशे किंवा अडीचशे किलोमीटर असा रतीब ठरलेला असतो आणि त्यापुढच्या प्रत्येक किलोमीटरला युरोंमध्ये दर असतो.

समजा, चार दिवसांसाठी मोटार घेतली आणि रोजचे दोनशे, म्हणजे एकूण ८०० किलोमीटर मिळाले. म्युनिकहून ऑस्ट्रियामार्गे इटलीत उतरून, कोमो सरोवर पाहून, स्वित्झर्लंडमधून परत यायचे तर आडवळणांसह प्रवास सहज १,३०० किलोमीटर होतो. जादा ५०० किलोमीटरला प्रत्येकी तीन युरो धरले, तरी १,५०० युरो वाढले. चार दिवसांच्या बेताला पाचव्या दिवसाहून मोठा खर्च असा जोडला जातो. जादा किलोमीटरांचे पॅकेज आधी घेतले, तर ते बहुधा स्वस्त पडते. म्हणून नकाशावर संपूर्ण मार्ग मोजून, त्यावर पंधरा-वीस टक्के वाढवून मगच बुकिंग करणे इष्ट. दुसरा आणि शहाणपणाचा मार्ग असा, की म्युनिक ते डोंगरापर्यंतचे कंटाळवाणे अंतर रेल्वेने जावे आणि ग्रँड टूरर घाटांच्या जवळच्या शहरातून दोन दिवसांसाठी घ्यावी. नावाला तो ‘ग्रँड टूर’ राहत नाही, पण पैसे ज्या रस्त्यासाठी मोजले त्या रस्त्यावर खर्च होतात.

कोणत्या देशांत मोटार नेता येईल, हेही करारात लिहिलेले असते. जर्मनीत घेतलेली मोटार इटलीत नेण्यास काही कंपन्या मनाई करतात, काही जादा पैसे घेतात. आता बहुतेक मोटारींत उपग्रहाद्वारे माग काढणारे यंत्र असते. सीमा ओलांडली, मर्यादेबाहेर वेग गेला, शर्यतीच्या ट्रॅकवर मोटार गेली, तर मालकाला त्याच क्षणी कळते. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा ‘नॉर्डश्लाइफ’ मार्ग पैसे भरून कोणालाही मोटार चालवण्यासाठी खुला होतो आणि कायद्याने तो टोल-रस्ता आहे. त्यामुळे ‘आम्ही ट्रॅकवर गेलोच नाही’ हा युक्तिवाद चालेल असे काहींना वाटते. पण भाडेकरारांत त्याला नाव घेऊन बंदी घातलेली आढळते.

विमा नव्हे, माफी

सर्वांत मोठा गैरसमज विम्याबाबत आहे. समोरच्या वाहनाचे किंवा माणसाचे नुकसान भरून देणारा तृतीय पक्ष विमा युरोपात सक्तीचा असतो आणि तो मोटारीसोबत येतोच. ग्राहक स्वतः चालवत असलेल्या मोटारीचे काय, हा खरा प्रश्न. त्यासाठी जे दिले जाते त्याला ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ म्हणतात. हा विमा नाही. कंपनी आपला नुकसानभरपाईचा हक्क काही अटींवर सोडून देते, इतकाच त्याचा अर्थ. अटी मोडल्या, की हक्क पुन्हा जागा होतो.

ही माफीदेखील एका रकमेच्या वरच्या नुकसानीलाच मिळते. त्या रकमेपर्यंतचा खर्च ग्राहकाचा. तिला ‘एक्सेस’ म्हणतात आणि या वर्गात ती पाच हजार युरो किंवा त्याहून जास्त असू शकते. बरे, ती एका घटनेपुरती असते. सकाळी पार्किंगमध्ये दार घासले आणि संध्याकाळी बंपर, तर दोनदा भरावी लागते. चाके, टायर, काचा आणि मोटारीचा खालचा भाग अनेकदा माफीतून वगळलेले असतात. गंमत अशी, की ग्रँड टूररचे नुकसान होण्याची शक्यता असते ती नेमकी तेथेच! एकवीस-बावीस इंची चाक पदपथाच्या कडेला घासले, की मिश्रधातूचे वलय खरवडले जाते आणि एका चाकाचा खर्च एखाद्या साध्या मोटारीच्या आठवड्याच्या भाड्याहून जास्त होतो.

एक्सेसची रक्कम भरून देणारे स्वतंत्र विमे बाजारात मिळतात आणि काही क्रेडिट कार्डेही तसे संरक्षण देतात. परंतु त्यांच्या अटींत मोटारीच्या किमतीची कमाल मर्यादा असते किंवा ‘एक्झॉटिक’ मोटारी वगळल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. हॅचबॅकसाठी उपयोगी पडलेला विमा बेंटलीसाठी कुचकामी ठरतो तो असा. ‘लॉस ऑफ यूज’ हे आणखी एक कलम नजरेखालून घालावे. दुरुस्तीसाठी मोटार जितके दिवस गॅरेजमध्ये राहील, तितक्या दिवसांचे बुडालेले भाडे ग्राहकाकडून वसूल करण्याची मुभा ते कंपनीला देते. सुटे भाग इंग्लंड किंवा इटलीतून मागवायचे असतील, तर हे दिवस लवकर संपत नाहीत.

अपघात लहान असो वा मोठा, पोलिसांचा अहवाल नसेल तर माफी रद्द होईल, असे कलम बहुतेक करारांत असते. युरोपभर मदतीचा क्रमांक ११२ आहे. दोन वाहनांच्या किरकोळ टकरीत दोन्ही चालकांनी भरायचा छापील ‘युरोपीय अपघात तक्ता’ मोटारीत ठेवलेला असतो. समजत नसलेल्या भाषेतील तक्त्यावर घाईने सही करू नये. धोक्याचा त्रिकोण आणि चकाकते जाकीट मोटारीत आहे की नाही, तेही निघण्यापूर्वीच पाहावे. इटली व ऑस्ट्रियात रस्त्यात मोटार बंद पडल्यास जाकीट घालूनच बाहेर उतरावे लागते.

घाटातील चार गोष्टी

इटलीतील स्टेल्व्हिओ खिंड २,७५७ मीटर उंचीवर आहे. ऑस्ट्रियन साम्राज्याच्या काळात अभियंता कार्लो दोनेगानी याने १८२० ते १८२५ या वर्षांत हा रस्ता बांधला. तो काढला गेला घोडागाड्यांसाठी. प्रातोच्या बाजूने चढताना त्याला ४८ हेअरपिन वळणे आहेत आणि सुमारे दोन मीटर रुंद, सव्वादोन टनांची मोटार त्या वळणांवर फिरवताना समोरून बस आली, की ‘लक्झरी’ या शब्दाचा अर्थ चालक विसरतो. छायाचित्रांत हा रस्ता जितका मोहक दिसतो, तितका तो मोठ्या ग्रँड टूररला मानवत नाही. त्यापेक्षा १९३५ मध्ये खुला झालेला ऑस्ट्रियाचा ग्रोसग्लॉकनर मार्ग उजवा. मोटारीने फिरणाऱ्या पर्यटकांसाठीच तो आखला गेला. ४८ किलोमीटरच्या या टोल-रस्त्यावर ३६ वळणे आहेत, पण ती रुंद आहेत. स्वित्झर्लंडमधील २,४२९ मीटर उंचीची फुर्का खिंड चित्रपटप्रेमींना ठाऊक असते. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये जेम्स बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ याच घाटात धावली.

या तिन्ही रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फ साठते आणि ते बंद राहतात. साधारणतः जून ते ऑक्टोबर हा त्यांचा हंगाम. शाळांची सुट्टी पाहून एप्रिल-मेमध्ये बेत आखणाऱ्या मराठी कुटुंबाला चार हजार युरो मोजून बंद फाटकापाशी उभे राहण्याची वेळ येऊ शकते. उन्हाळी टायरवरील मोटार अवेळी बर्फात नेणे धोक्याचे आहेच. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असल्यास हिवाळी टायर बंधनकारक आहेत.

ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा खंडाळ्याच्या आणि आंबा घाटातील चालकांचा जुना नियम आल्प्समध्येही लागू पडतो. मोटार ऑटोमॅटिक असली, तरी स्टेअरिंगमागील पट्ट्यांनी खालचा गिअर धरता येतो. तसे न करता वीस मिनिटे ब्रेकवर पाय ठेवला, तर सव्वादोन टनांच्या मोटारीचे ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटू लागते. स्विस घाटांत पिवळ्या टपाल-बसचा तीन सुरांचा भोंगा अंध वळणाआड ऐकू आला, तर थांबावे. हे सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ या ऑपेरातून घेतलेले आहेत, पण ते केवळ मनोरंजनासाठी नाहीत. पर्वतीय टपालमार्गांवर बसचालकाच्या खुणा पाळणे इतर चालकांवर बंधनकारक आहे. त्याने मागे घ्या म्हटले, तर मागे घ्यावी लागते.

मुख्य युरोपात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टेअरिंग डावीकडे असते. चूक गर्दीत होत नाही, कारण गर्दीत पुढच्या मोटारीमागून जाता येते. चूक होते ती पहाटे मोकळ्या रस्त्यावर किंवा पेट्रोलपंपातून बाहेर पडताना. आयुष्यात प्रथमच उजव्या बाजूने मोटार चालवणाऱ्याने ती पाहिली खेप कोट्यवधींच्या मोटारीवर करू नये. आदले दोन दिवस छोटी मोटार घेऊन हात बसवावा. ज्यांना तेवढा वेळ नाही, त्यांच्यासाठी ब्रिटन हा उत्तम पर्याय आहे. तेथे आपल्यासारखीच वाहतूक डावीकडून चालते. स्कॉटलंडमध्ये इनव्हरनेसच्या किल्ल्यापासून निघून उत्तरेचा किनारा फिरून तेथेच परत येणारा ‘नॉर्थ कोस्ट ५००’ हा ५१६ मैलांचा, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटरचा मार्ग २०१५ पासून पर्यटकांसाठी नावारूपाला आला. त्याचे काही टप्पे एकपदरी आहेत आणि समोरच्याला वाट देण्यासाठी ठरावीक अंतरावर जागा केल्या आहेत. त्या जागांत पार्किंग करून छायाचित्रे काढणे स्थानिकांना अजिबात खपत नाही.

पेट्रोलचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण चुकीचे इंधन भरल्याचे नुकसान माफीत बसत नाही. इटलीत ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल, फ्रान्समध्ये ‘गाझोल’ म्हणजेही डिझेल. ‘गॅसोलीन’शी असलेले साम्य येथे महागात पडते. २०१८ पासून युरोपीय संघात सर्व पंपांवर एकसारखी चिन्हे आली आहेत. पेट्रोलसाठी वर्तुळात ‘ई’ आणि डिझेलसाठी चौकोनात ‘बी’. टाकीच्या झाकणामागेही नव्या मोटारींत तेच चिन्ह असते, ते जुळवून पाहावे.

वेग आणि कायदा

जर्मनीच्या ऑटोबानवर काही भागांत वेगमर्यादा नाही. १३० किलोमीटर ही तेथे केवळ शिफारस आहे. मात्र सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये शिरल्यावर महामार्गावर १२०, गावाबाहेर ८० आणि गावात ५० या मर्यादा कडकपणे पाळाव्या लागतात. २०१३ मध्ये तेथे अतिवेगाविरुद्ध विशेष कायदा अमलात आला. ५० च्या हद्दीत मर्यादेपेक्षा ५० ने, ८० च्या हद्दीत ६० ने किंवा महामार्गावर ८० ने जास्त वेग घेणारा फौजदारी गुन्हेगार ठरतो. त्याला किमान एक वर्षाची कैद होई. २०२३ मध्ये न्यायाधीशांना सौम्य शिक्षेची मुभा मिळाली, पण गुन्ह्याचे स्वरूप कायम आहे. वाहन जप्त करण्याची तरतूदही त्यात आहे. जप्त झालेली मोटार भाड्याची असेल, तर मालक तिची किंमत कोणाकडे मागेल, हे वेगळे सांगायला नको. ग्रँड टूररमध्ये वेग जाणवत नाही, हा तिचा गुण येथे दोष ठरतो. त्यामुळे मोटारीतील वेगमर्यादा-नियंत्रक सीमेवरच लावून ठेवावा.

स्विस महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक परवाना लागतो; २०२३ पासून तो काचेवर न चिकटवता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही मिळतो. ऑस्ट्रियाचा वेगळा, आणि ग्रोसग्लॉकनरचा टोल त्याहूनही वेगळा. इटली व फ्रान्समध्ये अंतरानुसार टोल आहे.

परत देताना

मोटार ताब्यात घेताना आणि परत देताना चारही बाजू, चारही चाके, पुढच्या बंपरची खालची कड, काच, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा यांची छायाचित्रे तारीख-वेळेसह काढावीत. शक्य तर मोटार धुतलेली असताना आणि उजेडात. आधीचा एखादा ओरखडा कंपनीच्या तक्त्यावर नोंदवून त्यावर कर्मचाऱ्याची सही घेतल्याखेरीज किल्ली घेऊ नये. कार्यालय बंद झाल्यावर किल्ली पेटीत टाकून जाण्याची सोय काही ठिकाणी असते. महागड्या मोटारीबाबत तिचा लाभ घेणे म्हणजे तपासणी आपल्या अनुपस्थितीत होऊ देणे. कर्मचाऱ्यासमक्ष मोटार परत करून ‘नुकसान नाही’ असे लेखी घ्यावे आणि मगच विमानतळ गाठावा.

कराराची प्रत, छायाचित्रे आणि कार्डाचे तपशील मात्र घरी आल्यावर लगेच टाकून देऊ नयेत. फ्लोरेन्स, रोम आणि इटलीतील बऱ्याच जुन्या शहरांच्या मध्यभागी ‘झोना ए त्राफिको लिमितातो’ हे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र आहे. तेथे अडवायला पोलीस नसतो, वर कॅमेरा असतो. हॉटेलला जाताना दोन वेळा चुकून आत गेले, तर दोन दंड होतात. पोलीस आधी भाडेकंपनीला विचारतात, कंपनी ग्राहकाचे नाव कळवते आणि त्या कळवण्याचे स्वतःचे शुल्क कार्डावर लावते. हे शुल्क म्हणजे दंड नव्हे, दंड त्यानंतर येतो. परदेशात राहणाऱ्या चालकाला नोटीस पाठवण्यासाठी इटलीच्या कायद्याने ३६० दिवसांची मुदत दिली आहे. जुलैत केलेल्या सहलीचे पाकीट त्यामुळे पुढच्या वर्षीच्या मे-जूनमध्ये पोस्टमन ठाण्याच्या किंवा कोथरूडच्या दारात आणून देऊ शकतो. हॉटेलने मोटारीचा क्रमांक नगरपालिकेला कळवून प्रवेशाची परवानगी घेतली होती, याचा लेखी पुरावा जवळ असेल, तरच त्या नोटिशीला उत्तर देता येते.